भुलाबाईच्या तोंडून

भादव्याची पुनव जवळ आली की हल्ली माझं डोकं फिरतं. घरातल्यांना वाटतं, उन्हाचा त्रास असेल. असेना का! या दिवसांत दुपारचं ऊन चटका देतं आणि सावलीत गेलं की अंगावर काटा येतो. सोयाबीन पिवळं पडायला लागतं. मग मळणीयंत्रं सुरू होतात आणि सगळ्या कारंजा गावावर एक खाजरी धूळ बसते. धुतलेले कपडे, पिण्याच्या पाण्याचे माठ, वर्गातले बाक, काही म्हणून सुटत नाही. हायवेवरचे ट्रक भर दुपारी दिवे लावून जातात. पूर्वी मी या दिवसांची वाट पाहायची. आता शाळेच्या हॉलमधून टिपऱ्यांचा आवाज यायला लागला की स्टाफरूमची खिडकी लावून घेते. शिपाई विचारतो, "मॅडम, गरम नाई होत का?" मी म्हणते, होतं.

टिपऱ्या भुलाबाईच्या. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेला पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा नवरा भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. पुण्याकडची माणसं म्हणतात, "म्हणजे आमचा भोंडलाच की!" असेल बुवा, पण तसं म्हटलेलं आम्हाला आवडत नाही. भुलाबाई महिनाभर माहेरी येते आणि कोजागिरीला परत जाते. तो महिना पोरी घरोघरी जाऊन तिची गाणी म्हणतात. गाण्यांत सगळ्या तिच्या तक्रारी: सासू अशी, नणंद तशी, धाडलं इतक्या लांब, न्यायला कोणी येईना. गाणी संपली की खाऊ. पण तो असा सुखासुखी मिळत नाही. घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि पोरींनी ओळखायचं. गोड का आंबट? तिखट का खारट? ओळखलं की डबा उघडतो.

मी सेलूची. लहानपणी मीही ही गाणी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटली आहेत. सासू चटके देते आणि नवरा मारतो, हे मी आठ-नऊ वर्षांची असताना तोंडात चिवड्याचा बकाणा भरून गायले आहे. आमच्या आया ओट्यावर बसून हसायच्या. चालच इतकी छान होती की शब्दांकडे लक्ष कोण देणार? लक्ष सगळं डब्याकडे.

पुढे कारंज्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. अकरावी-बारावीच्या पोरी. त्यांतल्या काही वर्षाच्या मध्येच वर्गातून नाहीशा व्हायच्या. बाकावरची जागा काही दिवस रिकामी राहायची, मग शेजारची पोरगी जराशी सरकून बसायची. काही नाहीशा होत नव्हत्या, पण असून नसल्यासारख्या. एकीचे केस मुठी-मुठीने गळत होते. एक प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर येऊन पडायची. डॉक्टर म्हणायचे, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. खा म्हणे!

अशा पोरींसाठी काही करता येतं का, म्हणून वर्ध्याला एक शिबिर झालं, त्याला मला पाठवलं. कवितेतून, लेखनातून मन हलकं करायचं. शिकवणाऱ्या बाई फार हळू आवाजात बोलायच्या. सारख्या म्हणायच्या, "लिहा आणि मोकळ्या व्हा." मला तो शब्दच आवडला नाही. मोकळं व्हायला ते काय बद्धकोष्ठ आहे? पण परत आल्यावर मी दर शनिवारी शेवटचा तास त्यासाठी ठेवला. पोरींनी काय लिहावं? आई म्हणजे मायेचा सागर. बाबा म्हणजे वटवृक्ष. सगळ्याजणींची आई एकच असल्यासारखी. आमच्या वर्गात मनीषा नावाची एक तोंडाळ पोरगी होती. ती म्हणाली, "मॅडम, मनातलं लिहा म्हनता, अन् मनात का हाय ते आमाले तरी कुठं माहीत हाय जी? डब्यात का हाय ते तरी हलवून समजते."

घ्या! शिबिरात कुणाला सुचलं नाही ते हिला सुचलं. पुढच्या शनिवारी मी घरून स्टीलचा डबा नेला. एकीने चिठ्ठीवर मनातलं काहीही लिहायचं आणि डब्यात टाकायचं. बाकीच्यांनी चव विचारत विचारत ओळखायचं. ओळखता आलं नाही तर तिने सांगावं, नको वाटलं तर सांगू नये. कुणी कुणाची चिठ्ठी वाचायची नाही, मीसुद्धा नाही. महिन्याच्या शेवटी साऱ्या चिठ्ठ्या बादलीत भिजत घालायच्या, चुरगाळून लगदा करायचा, आणि भादव्यात त्या लगद्याची भुलाबाई करायची. ते मळताना पोरी इतक्या हसायच्या की मुख्याध्यापक डोकावून जायचे. कोपरापर्यंत निळ्या शाईचं पाणी. त्या दिवसांत मला खरंच वाटलं होतं की आपल्याला काहीतरी सापडलं आहे.

कांचन त्याच वर्गातली. बारावीला होती. उन्हाळ्यापासून ती बोलेनाशी झाली होती. हजेरीला हात वर करायची, तोंडाने "येस" नाही. डाव्या हाताची बाही उन्हातही मनगटापर्यंत ओढलेली. एकदा फळा पुसताना बाही वर गेली आणि मला कंपासच्या टोकाचे ओरखडे दिसले. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. त्या शनिवारी तिने पहिल्यांदा डब्यात चिठ्ठी टाकली.

"गोड?" पोरींनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. "आंबट?" नाही. "तिखट? खारट? तुरट?" नाही, नाही, नाही. मनीषा वैतागली. "मंग हाय तरी का वं त्याच्यात?"

"हरल्या?" कांचन म्हणाली. कितीतरी दिवसांनी आम्ही तिचा आवाज ऐकला, जरा बसलेला. "कडू."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण भुलाबाईच्या खाऊत कडू असं काही नसतंच. कडू खाऊ कोण करेल? मग एकदम सगळ्या सुटल्या. "कारलं!" "कडुनिंब!" "खोकल्याचं औषध!" कांचन हसायला लागली, हसता हसता बाकावर डोकं टेकवून रडली, आणि मनीषा तिच्या पाठीवर धपाधप मारत होती, जसा ठसका लागल्यावर मारतात.

हळूहळू तिने आपणहून सांगितलं. "पाहुणे येऊन राह्यले, मॅडम. दर इतवारी. मले पोहे घेऊन जा लागते. बाबा म्हनतेत, बारावी होऊ दे, मंग नर्सिंगले टाकतो वर्ध्याले. पन ताईलेबी असंच म्हटलं होतं." ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तिचं बारावीचं हॉलतिकीट आलं तेव्हा ती सासरी भाकऱ्या थापत होती. कांचनला नर्स व्हायचं होतं. का, असं विचारलं तर म्हणाली, "पांढरे कपडे घालून कोनाले तरी ओरडायचं हाय मले." मला ते कारण अगदी पटलं.

चिठ्ठ्यांच्या नंतर ती गाणं करायला लागली. मी पोरींना सांगितलं होतं, "मी" म्हणून लिहायला जड जात असेल तर भुलाबाईच्या तोंडी घाला. भुलाबाईला कोण बोलणार? काय हवं ते म्हणू दे तिला. कांचन बाकावर बोटांनी ताल धरून एकेक ओळ जुळवायची. ओरडून म्हणून पाहायची. बाही वर सरकलेली असायची आणि ओरखडे सुकत चालले होते, नवीन नव्हते. मी रोज बघायची. तिचं गाणं असं होतं:

कापूस वेचू वेचू बोटं माही सोलली,
अजून नाई माये मी पोटभर बोलली.
भुलाबाई निंगाली सासरच्या गावा,
येशीपाशी थांबून मांगं पाहे तवा.
मांगं पाहे तवा बाई दार झालं बंद,
दारामांगं हासे माय, बापाले आनंद.
कोनी नाई इचारलं, जातं का वं बाई,
इचारलं असतं तं म्हनली असती, नाई.

पहिल्यांदा तिने हे म्हटलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण पोरींसमोर डोळे पुसायचे नव्हते.

कोजागिरीला, दिवे लागल्यावर, गावातल्या देवळासमोर भुलाबाईचा कार्यक्रम. मोठ्या कढईत दूध आटत होतं. बाया एका बाजूला, माणसं खुर्च्यांवर. कांचनचे वडील महादेवभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवतात. उमदा माणूस. संत्र्याची बाग, घरचं बरं, कुणाला वाकडा शब्द नाही. पोरीने गाणं केलं म्हणून ते पेटी घेऊन स्वतः साथीला बसले. कांचनने माइक धरला. मी तिच्या समोर बसले होते आणि मला वाटत होतं की आता, या क्षणी, सगळ्यांना कळणार. ती भर गावात, बापाच्या समोर, सांगते आहे.

"दारामांगं हासे माय" या ओळीला बाया हसल्या. खुशीत हसल्या, एकमेकींना कोपराने ढोसून. कांचनची आईही पदर तोंडाला लावून हसली. "बापाले आनंद" ला महादेवभाऊंनी पेटीवर अशी एक झोकदार जागा घेतली की माणसांनी वा वा केलं. "म्हनली असती, नाई" ला टाळ्यांचा कडकडाट. एक म्हातारी उठून आली आणि कांचनच्या गालांवरून बोटं मोडून म्हणाली, "कायची गोड पोरगी हाय व माय!" कांचन माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे. दूध वाटायला सुरुवात झाली.

महादेवभाऊंच्या पुतण्याने मोबाईलवर सगळं घेतलं होतं. ते सगळीकडे फिरलं. बापाने स्वतः तोंड भरून कौतुक करत पाठवलं, नातलगांना, भजनी मंडळांना. मला रस्त्यात भेटले तर म्हणाले, "मॅडम, पोरीनं का गाणं केलं जी! आयकून मीच रडलो ना." खरंच रडले असतील. तो माणूस खोटं बोलणारा नाही. कुणी वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या दारात जाऊन भांडले असते आणि घरी येऊन जेवले असते.

दिवाळीच्या आत तळेगावहून पाहुणे आले. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. पोरगी गाते छान, चेहऱ्यावर पाणी आहे, चारचौघांत बुजत नाही. त्यांना तेवढ्यावरूनच पसंत पडली. मुलाचं तळेगावला दुकान, घर हायवेला लागून. असं स्थळ चालून आल्यावर बारावीसाठी कोण थांबणार? साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला तेव्हा मनीषाने मला सांगितलं. शाळा सुटल्यासुटल्या मी त्यांच्या घरी गेले. कांचनची अठरा भरली होती, म्हणजे माझ्या हातात कायदाही नव्हता. फक्त तोंड होतं.

अंगणात सोयाबीनची पोती रचलेली. महादेवभाऊंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही तिचं गाणं ऐकलंत ना?"

"आयकलं म्हंजे? पाठ हाय."

"मग ती काय म्हणतेय त्यात?"

ते हसले, अगदी प्रेमाने. "मॅडम, गाण्यात तं तसंच राह्यते ना जी. माह्या मायनंबी तेच म्हटलं, हिच्या मायनंबी तेच म्हटलं. गेल्याच ना साऱ्या?"

मी चिडले. म्हणाले, "पण तिला विचारलंत का?"

माणूस रागावला नाही. त्याला ते रास्त वाटलं. त्याने घरात हाक मारली, "कांचन, ये वं इकडे." ती आली. दारात तिची आई, बाजूला काकू, शेजारची एक बाई, खुर्चीत मी. महादेवभाऊ म्हणाले, "मॅडम म्हनतेत, पोरीले इचारा. सांग बाई. तुले पसंत हाय ना? नसन तं नाई म्हन. मी कोनाले भेत नाई."

विचारलं. त्या गाण्यात जे कुणी विचारत नव्हतं ते त्या बापाने भर अंगणात, साक्षीदारांसमोर विचारलं. आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण गं बाई, म्हण, शेवटची ओळ म्हण. माइकवर म्हटलीस, तीच. कांचनने बाही मनगटापर्यंत ओढली. खाली पाहून म्हणाली, "तुमी म्हनसान तसं, बाबा."

चहा आला. मी प्यायले.

त्या रस्त्याने अजूनही जाते-येते, तेव्हा तेच डोक्यात फिरतं. भुलाबाईच्या तोंडी घातलं म्हणून ती बोलू शकली, आणि भुलाबाईच्या तोंडी घातलं म्हणूनच कुणाला ऐकू आलं नाही. स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळ आली तेव्हा तिथे शब्दच नव्हता. कवितेने पोरीच्या हातावरचे ओरखडे थांबवले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ते खोटं म्हणणार नाही. पण घरातून बापासमोर अंगणात यायच्या त्या दहा पावलांत कविता काडीइतकी उपयोगी पडली नाही. वर्ध्याच्या त्या हळू बोलणाऱ्या बाईंना मला विचारायचं आहे, की लिहून मोकळ्या झालेल्या पोरीने पुढे जायचं कुठे? मोकळी झाली, चला, आता निमूट उभी राहील, असंच ना? कधीकधी तर वाटतं, ते आतलं कडू तिने गाण्यात ओतलं नसतं, तसंच घशात राहिलं असतं, तर त्या दिवशी अंगणात तरी बाहेर आलं असतं. हे खरं का खोटं, मला कोण सांगणार?

तुळशीची लग्नं झाली आणि पहिल्याच मुहूर्तावर कांचनचं लागलं. मांडवात कुणीतरी तिचंच गाणं लावलं होतं, स्पीकरवर. मनीषा मंगलाष्टका संपायच्या आतच उठून गेली. मी अक्षता टाकल्या. बारावीच्या परीक्षेला तिची जागा रिकामी होती आणि मी त्याच वर्गावर पर्यवेक्षक होते. उत्तरपत्रिका वाटताना त्या बाकापाशी दर वेळी हात थांबायचा.

त्यानंतर गाणं हाताबाहेरच गेलं. दुसऱ्या वर्षी आमच्याच आळीतल्या चिमुरड्या ते म्हणत आल्या. मी विचारलं, कुणाचं गं हे? त्या म्हणाल्या, "भुलाबाईचं." खरंच आहे की. मग ओट्यावर उभ्या उभ्या मला लहानपणी सेलूला म्हटलेली ती गाणी आठवायला लागली. ती चटक्यांची, ती लांबच्या गावाची, ती न्यायला न येणाऱ्या भावाची. ती काय आभाळातून पडली? प्रत्येक गाणं कुठल्या तरी एकीने कधीतरी पहिल्यांदा म्हटलं असणार. तिच्याकडे बघून तिची माय हसली असणार. टाळ्या पडल्या असणार. आणि मी तोंडात चिवडा भरून ते पुढे ओरडत आले. किती पोरींचं "नाई" माझ्या तोंडपाठ आहे, देव जाणे. मी चिमुरड्यांसमोर डबा हलवला. "गोड!" त्या किंचाळल्या. लाडू होते.

यंदाही भुलाबाई बसली आहे. ज्वारी कुणी पेरत नाही, म्हणून धांडेही मिळाले नाहीत. पोरींनी तुराट्यांचा मांडव केला. डब्याचा तास चालूच आहे. बंद करायला दोनदा निघाले होते, पण एका पोरीने विचारलं, "मंग आमी शनिवारी का करू, मॅडम?" मी डबा परत टेबलावर ठेवला. चिठ्ठ्या येतात. लगदा होतो. पण "भुलाबाईच्या तोंडी घाला" असं मी आता सांगत नाही. सांगते, "मी" म्हणा, मोठ्याने म्हणा, इथे माझ्यावर ओरडून पाहा: नाही, नाही, नाही. पोरी लाजतात, हसतात, पुटपुटतात. मी कानाला हात लावून म्हणते, ऐकू नाही आलं. त्यांना वाटतं मॅडमचं वय झालं.

काल तास चालू असताना फोन वाजला. कांचनचा. ती वर्षातून एकदा करते, याच दिवसांत. हॉलबाहेरच्या कठड्यापाशी जाऊन घेतला. आधी बराच वेळ सासूच्या गुडघेदुखीचं, दुकानाचं, यंदाच्या पावसाचं. मी विचारलं, "गातेस की नाही?"

"नाई जी. सुनेनं आता का गायचं? सासूबाई म्हनतेत, लगनाआधी ठीक होतं."

आत पोरी टिपऱ्या जुळवत होत्या. ते तिला फोनवर ऐकू गेलं असावं. म्हणाली, "आमच्या इथंबी आल्त्या पोरी, परवा. लहान्या लहान्या. माहंच गाणं म्हटलं त्यायनं, मॅडम. अख्खं."

"मग? सांगितलंस की नाही, माझं आहे म्हणून?"

"सासूबाई होत्या ना बाजूले. त्यातली एक मले म्हने, काकू, तुमाले येते का हे गानं? म्हटलं, नाई वं, नाई येत. तं मंग त्यायनंच शिकवलं. एकेक ओळ. मी शेवटची माह्या चालीनं म्हटली तं हासल्या साऱ्या. काकू, तुमचं चुकून राह्यलं, म्हने."

"मग गं?"

"मंग का जी," कांचन म्हणाली. "म्हटलं त्यायच्यासारखं."